पानाची डावी बाजू आणि इटालियन पेला

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला एकाच धाटणीची जाहिरात पाठवली. मोठं हॉटेल, मंद उजेड, लांब दांड्याचे पेले आणि वर लिहिलेलं, 'इटालियन वाइनमेकरसोबत पेअरिंग डिनर. पाच पदार्थ, पाच वाइन.' खाली माणशी आकडा. त्यातला एक मित्र मापात पितो आणि मापातच खर्च करतो. त्याने विचारलं, "एवढ्या पैशांत आमच्या मेसचा महिना निघतो. हे नक्की असतं काय? जेवण की शिकवणी?"

दोन्ही असतं. आणि अशा जाहिराती पुढे वाढतील असं मला वाटतं. परदेशी वाइनवर आपल्याकडे १५० टक्के आयातशुल्क आहे. बंदरात शंभर रुपयांना उतरलेल्या बाटलीवर दीडशे रुपये आधी तिथेच चढतात, राज्याचा कर आणि दुकानदाराचा नफा त्यानंतर. जानेवारी २०२६ मध्ये भारत आणि युरोपीय संघाने मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. करार लागू झाला की हे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. तेव्हा तिकडच्या वाइनवाल्यांना इकडे चक्कर मारावीशी वाटणं साहजिक आहे.

मी असं जेवण जेवलोय ते मात्र त्यांच्याच घरी. इटलीच्या वायव्येला पिएमोंते नावाचा प्रांत आहे, त्याची राजधानी तोरिनो. हे गाड्यांचं शहर, त्यामुळे पुण्याच्या बऱ्याच इंजिनिअरांचं तिथे कामानिमित्त जाणं-येणं असतं. मीही त्यातलाच. एका नोव्हेंबरात बायको महिनाभर आली होती, तेव्हा तिथला एक सहकारी आम्हाला तासाभराच्या अंतरावरच्या लांगे टेकड्यांत घेऊन गेला. आल्बा गावाच्या आसपासचा हा भाग २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. टेकड्यांवर द्राक्षांच्या ओळी, खाली धुकं. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून आम्ही पुण्याहून आणलेल्या बाकरवडीचं शेवटचं पाकीट पिशवीत टाकलं. त्या पाकिटाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

वाइन होते कशी, चहाच्या भाषेत

द्राक्षाचा रस आंबवला की त्यातल्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल करतं. मूळ कृती एवढीच. लाल आणि पांढरी यांतला फरक मात्र चहावाल्याला पटकन कळेल. रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या सालीत असतो, गरात नसतो. पांढऱ्या वाइनला रस आधीच पिळून सालीपासून वेगळा करतात. लाल वाइनला रस सालीबियांसकट आंबत ठेवतात. चहाची पूड आधणात जितका वेळ राहील तितका चहा कडक होतो, तसंच हे. सालीबियांतून उतरणाऱ्या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात. सबंध लेखात लक्षात ठेवण्यासारखा परका शब्द हा एवढाच आहे.

आमचे यजमान साठीचे, जाड बोटांचे, नखांच्या कडा काळ्या झालेले. आम्ही त्यांना आपसात 'काका' म्हणायला लागलो. वाइनमेकर म्हटल्यावर मला कोटवाला माणूस डोळ्यांपुढे आला होता. हे तर आपल्या नारायणगावच्या बागायतदारासारखे निघाले. आपल्याकडे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी, हे सहकाऱ्याने भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "दोनदा?" त्यांची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपल्याकडे थंडीच तेवढी पडत नाही, म्हणून छाटून तिला वळण लावावं लागतं. नाशिकला द्राक्ष उतरतं ते जानेवारी ते मार्चमध्ये, त्यांच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.

आपण सगळं एकदम वाढतो, ते एकामागून एक

पेअरिंग म्हणजे पदार्थाला साजेशी वाइन निवडणं. ऐकायला नखरेल वाटतं. मला त्याची किल्ली सापडली ती आपल्याच ताटात.

मराठी पान वाढताना मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डाव्या बाजूला येतात. पोट भरण्याशी डावीकडच्या मंडळींचा फारसा संबंध नाही. त्यांचं काम उजवीकडच्या घासाला उठाव देणं. वरणभातावर तूप पडलं की हात आपोआप लिंबाकडे जातो. पुरणपोळीने तोंड बसलं की कटाची आमटी लागते. माशाच्या नारळी कालवणानंतर सोलकढी. म्हणजे पेअरिंग आपण घासागणिक करतो, फक्त त्याला नाव दिलेलं नाही.

इटालियन जेवणात ताटं एकामागून एक येतात आणि एका ताटात बहुधा एकच पदार्थ. लोणीच लोणी असलेली शेवई आली की तेवढीच खायची. डावी बाजू नाहीच. ती त्यांनी पेल्यात ठेवली आहे. आंबट हवं, तुरट हवं, तोंड धुवायला काही हवं, तर घोट घ्यायचा. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

काकांनी सुरुवातीलाच पद्धत सांगितली. आधी घोट, मग घास, मग पुन्हा घोट. दोन घोटांत काय बदललं तेवढं बघायचं. त्या रात्री मला खरोखर उपयोगी पडलेली सूचना ही एकच.

तुरट: चहात दूध का घालतो?

चौथा पेला बारोलोचा होता. लांगेची सगळ्यात मानाची वाइन. नेब्बिओलो नावाच्या एकाच जातीच्या द्राक्षापासून, अकरा गावांच्या हद्दीतच करता येते. किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. हे कायद्याने बांधलेलं आहे. आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तसलंच, पण जास्त कडक. कोणतं द्राक्ष, एकरी किती पीक, किती काळ मुरवण, सगळं ठरलेलं. बाटलीच्या गळ्याला सरकारी क्रमांकाची पट्टी असते. बारोलोला हा सर्वांत वरचा दर्जा १९८० मध्ये मिळाला.

पहिला घोट घेतला आणि मी मनात म्हटलं, यासाठी एवढा गाजावाजा? जीभ टाळूला चिकटली. हिरड्या कोरड्या. कच्चं जांभूळ किंवा न पिकलेलं केळं खाल्ल्यावर तोंडाचं जे होतं ते. बायकोने एक घोट घेऊन पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "सुपारीचा काढा."

ती बरोबर होती. तुरट ही तशी चव नव्हे, स्पर्श आहे. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड निसरडं राहतं. टॅनिन त्या प्रथिनांना पकडून त्यांच्या गुठळ्या करतं, वंगण जातं आणि जीभ खरखरते. सुपारी, कात, आवळा, कडक चहा यांचं हेच चालतं.

मग ताट आलं. इतरांना बारोलोत तासन्‌तास शिजवलेलं गोमांस. आम्ही ते खात नाही असं आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्हाला बटाट्याच्या मऊ गोळ्या, न्योक्की, त्यांवर कास्तेल्मान्यो. हे त्याच प्रांताच्या डोंगराळ भागातलं खारट, भुसभुशीत चीज, वितळवून ओतलेलं. एक घास, मग तोच पेला. तुरटपणा निम्म्यावर आला होता. तीच वाइन मऊ लागत होती आणि त्यामागे काहीतरी फळासारखं उघडलं होतं.

जादू वगैरे काही नाही. चीज किंवा मांसातली प्रथिनं आणि चरबी तोंडात असली की टॅनिनला पकडायला दुसरं गिऱ्हाईक मिळतं, लाळेची सुटका होते. कोऱ्या चहात दूध घातल्यावर तो जिभेला लागेनासा होतो, त्याचं कारण हेच. चीज म्हणजे इथलं दूध. उलट बाजूने बघितलं तर चिजाचा जाड थर त्या तुरटपणाने खरवडून निघत होता, त्यामुळे पुढचा घास पहिल्यासारखाच चवीचा लागला. चार घासांनंतर कंटाळा यायला हवा होता तो आला नाही.

तुरट वाइन नुसती पिऊन नाकं मुरडणाऱ्यांना म्हणून मी दोष देत नाही. लोणचं नुसतं खाऊन बघा.

आंबट आणि खारट

त्याआधीचा पेला बार्बेराचा होता. रंगाने गडद लाल, पण टॅनिन कमी आणि आंबटपणा भरपूर. सोबत तायारिन, म्हणजे केसांइतकी बारीक कापलेली शेवई. किलोभर पिठात तीस-तीस अंड्यांचे पिवळे बलक घालतात, काही घरांत त्याहून जास्त. वर वितळलेलं लोणी आणि सेजची पानं. पहिले दोन घास स्वर्ग, तिसऱ्याला तोंड तुपकट. बार्बेराचा घोट घेतला आणि वरणभातावर लिंबू पिळल्यासारखं झालं. आंबटाने लाळ सुटते, लाळेने तोंड धुतलं जातं. एवढंच.

मिठाचं काम निराळं. अगदी सुरुवातीला ग्रिस्सीनी, म्हणजे तोरिनोच्या त्या काड्यांसारख्या कुरकुरीत ब्रेडबरोबर, हिरव्या चटणीतले खारवलेले अँचोवी मासे आले आणि सोबत आल्ता लांगा, फसफसणारी कोरडी वाइन. कैरीच्या फोडीला मीठ लावलं की आंबटाची धार बोथट होते, तसं मीठ वाइनच्या आंबट-कडूला बोथट करतं. पापड आणि बिअर एकमेकांना का धरून असतात त्याचंही उत्तर बरंचसं यातच आहे.

याच ठिकाणी शाकाहाऱ्यांना एक सावधगिरीची गोष्ट. बायको पूर्ण शाकाहारी. तिच्यासाठी दुसऱ्या फेरीत भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या आल्या, वर लसणाचा दाट रस्सा, बान्या काउदा. वास सुंदर. तिने विचारलं, यात काय आहे? काकांच्या बायकोने कौतुकाने यादी सांगितली, त्यात अँचोवी होते. पण ते आता तेलात विरघळलेत, दिसत नाहीत, मग हरकत काय, असं त्यांचं म्हणणं. मिरच्या माझ्या ताटात आल्या. तिकडे 'शाकाहारी' हा शब्द पुरत नाही, मासे नको हे वेगळं सांगावं लागतं. चिजाचंही तसंच. पार्मेसानसारखी पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने फाडतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारलेलं बरं.

माशाबरोबर लाल नको, हे खरं का?

अर्धं खरं. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी एका जातीच्या सुकवलेल्या शिंपल्यांबरोबर लाल-पांढऱ्या बऱ्याच वाइन चाखून पाहिल्या. तोंडात मागून येणारा हिंवसपणा वाइनमधल्या लोहामुळे वाढतो, असं त्यांना आढळलं. लोह काढून घेतल्यावर तो कमी झाला. लाल वाइनमध्ये लोह बऱ्याचदा जास्त असतं, म्हणून तो सल्ला रूढ झाला असावा. लोखंडी कढईत आमसुलाची आमटी केल्यावर जी चव येते तिच्याशी याचं नातं सांगता येईल. दोष रंगाचा नाही. कमी टॅनिनची हलकी लाल वाइन माशाबरोबर खुशाल चालते आणि एखादी पांढरी बिघडते.

जिलबीनंतरचा चहा

शेवटी हेझलनटचा केक आला. आल्बा हे या नटाचं गाव. न्यूटेलाही इथलीच. माझ्या पेल्यात थोडी बारोलो उरली होती, ती टाकवेना म्हणून मी केकबरोबर घेतली. इतका वेळ मऊ झालेली वाइन एकदम आंबट-कडू, औषधी झाली. काका बघत होते. त्यांनी हसून मोस्कातो दास्ती ओतली. गोड, हलकी फसफसणारी, अल्कोहोल जेमतेम पाच टक्के.

जिलबी खाऊन चहा प्यायला तर चहा फिका लागतो. साखर तेवढीच असते, जिभेचं मोजमाप सरकलेलं असतं. गोड पदार्थासमोर कोरडी वाइन हरते. वाइन पदार्थाहून गोड हवी. या नियमाला अपवाद मला तरी अजून सापडलेला नाही. लग्नात आणि वाढदिवसाला केकबरोबर कोरडी शँपेन देतात ती थाटासाठी, चवीसाठी नव्हे.

'पण हे सगळं थोतांड नाही का?'

हा प्रश्न मित्राने विचारलाच. उत्तर असं की त्यातलं निम्मं थोतांडच आहे, आणि कोणतं निम्मं ते सांगता येतं.

वाइनचं वर्णन करताना विशेषणांची आतषबाजी होते. बारोलोला परंपरेने 'गुलाब आणि डांबर' म्हणतात. मला डांबर लगेच आलं, पावसाळ्याआधी रस्ता करतात तेव्हाचं. गुलाब शेवटपर्यंत आला नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोच्या ५४ जणांना पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून दिला. त्यांनी लाल वाइनचीच विशेषणं वापरली. अमेरिकेत रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य स्पर्धेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीन-तीनदा दिली. दर वेळी जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहातला एखादा निघाला. तेव्हा कुणी 'यात ओल्या चामड्याचा सुगंध' म्हणालं आणि तुम्हाला आला नाही, तर ओशाळायचं कारण नाही.

तुरटावर चरबी, तुपकटावर आंबट आणि गोडापुढे गोड ही उरलेली बाजू तोंडाची यंत्रणा आहे. ती चामड्याच्या सुगंधासारखी कल्पनेवर चालत नाही. डोळे मिटून, किंमत न सांगता केलं तरी तिचा प्रत्यय येतो. पेअरिंग डिनरचे पैसे वसूल होतात ते इथे.

'गावची वाइन, गावचं जेवण'

जे एकत्र उगवतं ते एकत्र शोभतं, असं वाइनवाले मोठ्या अभिमानाने सांगतात. काकांनीही सांगितलं. मी मान डोलावली. पण हे पूर्ण पटत नाही.

लांगे आज श्रीमंत दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतरही ते गरिबीचं होतं. रोजचं जेवण मक्याच्या पिठाचं पोलेंता. तीस बलकांची शेवई सणावारी. आणि आज आपण पितो ती कोरडी बारोलो तरी किती जुनी? एकोणिसाव्या शतकात सरदारघराण्यातल्या मार्केझा ज्युलिया फाल्लेत्ती आणि काव्हूर (पुढे इटलीचे पहिले पंतप्रधान झाले तेच) यांच्या काळात तिला आजचं वळण लागलं. त्याआधी याच द्राक्षाची वाइन बहुधा गोडसर असे. म्हणजे 'पिढ्यान्‌पिढ्यांची जोडी' बऱ्याच अंशी अलीकडे जमवलेली आहे.

चकचकीत माहितीपत्रकात येत नाही असं आणखी एक. १९८६ मध्ये याच भागातून स्वस्त वाइनमध्ये मेथॅनॉल मिसळून विकलं गेलं आणि वीसहून अधिक माणसं मेली. मुंबईतल्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये शंभरावर बळी घेतले तेच विष. त्या धक्क्यानंतर 'स्वस्त आणि भरपूर'वरून इटलीतले कितीतरी उत्पादक 'थोडं आणि चांगलं'कडे वळले. काकांच्या वडिलांचा व्यापारी त्या वर्षी माल उचलायला आलाच नाही. भेसळीशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरीही. हे सांगताना काका ग्रिस्सीनी मोडून तुकडे एका ओळीत मांडत होते.

तरी त्या म्हणीत काही तथ्य आहे. लोणी, अंडी, चीज, मांस हे थंड प्रदेशाचं खाणं आणि आंबट-तुरट वाइन ही त्याची गरज. कोकणात एकाच वाडीत नारळ आणि रातांबा उभे असतात, आणि सोलकढी त्यातूनच निघते. काकांना हे समजावताना सहकाऱ्याला 'रातांबा' भाषांतरित करता आला नाही. शेवटी 'जांभळं, आंबट, लिंबाच्या जागी' यावर भागवलं.

इटली आणि सोलापूर जिल्हा यांचंही एक नातं आहे. अकलूजला इटलीचे, दिल्लीचे आणि इथल्या मोहिते-पाटलांच्या घरचे अशा तीन भावांच्या जोड्यांनी मिळून वाइनरी उभी केली. नावच 'फ्रातेल्ली', म्हणजे भाऊ. तिथे इटलीतल्या तस्कनी प्रांताचे वाइनमेकर पिएरो मासी यांनी सांजोवेझे या तस्कनीच्या द्राक्षाची वाइन केली. तेव्हा इटालियन वाइनमेकर पाहायला विमानात बसलंच पाहिजे असं नाही.

'शेवटी दारूच ना?'

होय. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य खूप फिरलं. बारोलोत १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, साध्या बिअरच्या अडीच-तीन पट. वाइन हृदयाला बरी, हेही घराघरांत पोचलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अल्कोहोलची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही. कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ते १९८८ पासून आहे. मी पितो ते हे माहीत असून. औषध म्हणून नाही.

हिशेब मांडायचा तर पाच पेले, प्रत्येकी साठेक मिलिलिटर, म्हणजे एकूण ३०० मिलिलिटर. शुद्ध अल्कोहोल २५ ते ३० ग्रॅम. इटलीत गाडी चालवताना रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम चालतो, आपल्याकडे ०.३ ग्रॅम. आमचा सहकारी गाडी चालवणार होता. त्याने प्रत्येक पेला हुंगला, घोट तोंडात घोळवला आणि टेबलावरच्या भांड्यात थुंकला. होय, त्यासाठी पीकदाणी ठेवलेली असते. पानाचे शौकीन जे राजरोस करतात ते इथे करायला आपण का लाजतो कळत नाही. पेल्यात उरलेलीही तिथेच ओततात. यजमान रागावत नाहीत.

जायचंच असेल तर

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो. आयोजकाला त्याबद्दल विचारून ठेवा. काय खात नाही ते आठवडाभर आधी कळवा. त्या संध्याकाळी अत्तर-परफ्यूम नको, टेबलावरच्या सगळ्यांच्या नाकाचा बोजवारा उडतो. मसाला सुपारी तर नकोच. भुकेल्या पोटी पहिला पेला घेऊ नका.

लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला द्यायची म्हणतात ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, सोळा-अठरा अंशांची. एप्रिलमध्ये आपल्याकडे कुणी लाल वाइन कपाटातून काढून तशीच ओतली, तर वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला बिनधास्त सांगा. गरम लाल वाइन म्हणजे नुसतं अल्कोहोल नाकात. प्रश्नही विचारा. 'यंदा पाऊस कसा झाला?' हा प्रश्न वाइनमेकरला कोणत्याही कौतुकापेक्षा जास्त बोलतं करतो. पीक म्हटलं की सगळे शेतकरी सारखेच.

तिखटाचं काय? बाकरवडीचा प्रयोग

राहता राहिला आपला प्रश्न. मिसळीबरोबर, तांबड्या रश्शाबरोबर कोणती वाइन? माझं मत विचाराल तर कोणतीच नाही, ताक घ्या. तिखट ही जळजळ आहे. मिरचीतलं द्रव्य तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवून पेटवतं, आणि अल्कोहोल त्याच मज्जातंतूंना आणखी हळवं करतं. तुरटपणाची त्यात भर. दुधा-ताकातली प्रथिनं मात्र ते द्रव्य धुऊन नेतात. सौम्य तिखटाला, विशेषतः त्यात गोडवा असेल तर, कमी अल्कोहोलची, थंड, गोडसर वाइन जमून जाते. नाशिकच्या शेनां ब्लां या पांढऱ्या वाइनपैकी थोड्या गोडीकडे झुकणाऱ्या काही यात बसतात.

हे मी तेव्हा पुस्तकी बोलत होतो. निघताना बायकोने बाकरवडीचं पाकीट काकांच्या हातात दिलं. त्यांनी तिथेच फोडलं. एक उचलून वास घेतला, बडीशेप ओळखली, खसखस ओळखली नाही. मग आम्हाला शिकवलेल्या शिस्तीने बारोलोचा घोट, बाकरवडी, पुन्हा बारोलोचा घोट. चेहरा आक्रसला, कान लाल झाले, हात पाण्याच्या पेल्याकडे गेला. बायको म्हणाली, "पाणी नको, त्यांना ती गोड द्या." सहकाऱ्याने मोस्कातो ओतली. काकांनी घोट घेतला, थांबले, दुसरी बाकरवडी घेतली, पुन्हा घोट. काही न बोलता त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, तिलाही आधी घोट, मग घास, मग घोट.

दोघांनी मिळून पाकीट संपवत आणलं. शेवटच्या दोन वड्या त्यांनी कागदी रुमालात बांधून मुलासाठी ठेवल्या आणि आम्हाला मोस्कातोची एक बाटली दिली. तोरिनोला पोचेपर्यंत बायको तिचे पैसे द्यायला हवे होते का, यावर माझ्याशी वाद घालत होती.